ट्रेडमार्कचे उल्लंघन आणि 'पासिंग ऑफ': छोट्या ऑनलाइन विक्रेत्यावर आलेली तक्रार नेमकी कोणती?

ट्रेडमार्कची तक्रार आल्याचे कळवून ऑनलाइन बाजारपेठेने लिस्टिंग (मालाच्या विक्रीचे पान) बंद केले, की छोटा विक्रेता बहुधा एवढेच विचारतो, की नाव माझे की त्याचे. कायद्याच्या दृष्टीने त्याआधी पाहायचे असते ते हे, की तक्रारदार नोंदणीच्या बळावर बोलतो आहे की बाजारात कमावलेल्या नावलौकिकाच्या. नोंदणीकृत चिन्हाच्या उल्लंघनाची व्याख्या ट्रेडमार्क कायदा, 1999 च्या कलम 29 मध्ये आहे. 'पासिंग ऑफ', म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणे, याविरुद्धचा हक्क मात्र न्यायालयांच्या निर्णयांतून घडत आला असून कलम 27(2) ने तो शाबूत ठेवला आहे.

उल्लंघनाच्या दाव्यात नोंदणी प्रमाणपत्र पुढे केले की अर्धे काम होते. चिन्ह तेच आणि मालही तोच असेल, तर ग्राहकाचा गोंधळ होणार हे न्यायालय गृहीत धरते. शिवाय कलम 134 नुसार नोंदणीधारक स्वतःच्या व्यवसायाच्या ठिकाणी दावा लावू शकतो, त्यामुळे सांगलीच्या विक्रेत्याला दिल्लीच्या न्यायालयात खेटे घालावे लागू शकतात. 'पासिंग ऑफ'मध्ये ही सवलत नाही. तिथे नावलौकिक, दिशाभूल आणि नुकसान (किंवा त्याचा संभव) या तिन्ही गोष्टी तक्रारदाराने स्वतः सिद्ध करायच्या असतात.

समजा, सांगलीतील एक विक्रेता 2017 पासून एका नावाने हळद विकतो आहे, पण त्याने नोंदणी केलेली नाही. 2022 मध्ये धंद्यात उतरलेल्या दुसऱ्याने त्याच वर्षी तेच नाव मसाल्यांसाठी, म्हणजे नोंदणीसाठीच्या मालाच्या वर्गवारीतील वर्ग 30 मध्ये, नोंदवले आणि आता तक्रार केली. तक्रारीच्या फॉर्ममध्ये नोंदणी क्रमांकासाठी चौकट असते. इतक्या वर्षांच्या गिऱ्हाइकीसाठी नसते. त्यामुळे प्लॅटफॉर्मवर पहिली बाजी नोंदणीधारकाची, आणि व्यवस्थेतला हा कल मला छोट्यांवर अन्याय करणारा वाटतो. न्यायालयात मात्र चित्र उलटू शकते, कारण नोंदणीधारकाच्या वापराच्या आणि नोंदणीच्या, या दोन्ही तारखांच्या आधीपासून सलग वापर करणाऱ्याला कलम 34 संरक्षण देते. नोंदणीची तारीख म्हणजे अर्जाची तारीख, हे इथे ध्यानात ठेवावे. 2017 ची बिले, पाकिटांच्या छपाईची बिले, कुरिअरच्या पावत्या हाच त्या विक्रेत्याचा खरा पुरावा. नुसते 'आम्ही जुने आहोत' हे सांगणे चालत नाही.

तिरुनेलवेलीच्या प्रसिद्ध 'इरुट्टुकडै हलवा'च्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये हेच स्पष्ट केले, की आधीपासून वापर करणाऱ्याचा हक्क नंतरच्या नोंदणीपेक्षा वरचढ ठरतो आणि समोरच्याकडे नोंदणी असली तरी त्याच्याविरुद्ध 'पासिंग ऑफ'चा दावा चालतो.

छोटा विक्रेता दर वेळी आरोपीच असतो असेही नाही. त्याच्या लिस्टिंगला, त्याच्याच फोटोंसह, दुसरे विक्रेते चिकटतात, म्हणजे त्याच पानावर स्वतःचा माल विकायला ठेवतात, आणि ग्राहकाला भलताच माल पोहोचतो. फ्लिपकार्टवरील अशाच एका प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने 2022 मध्ये या चिकटण्याला 'पासिंग ऑफ'च मानले. तरी असा वाद न्यायालयात नेण्याचा खर्च पाहता, व्यक्ती आणि लघुउद्योगांसाठी प्रत्येक वर्गामागे 4,500 रुपयांत होणारा ऑनलाइन अर्ज आधीच करून ठेवणे स्वस्त पडते.

तक्रार 'कोल्हापुरी मसाला' किंवा 'थालीपीठ भाजणी' यांसारख्या शब्दांवरून असेल, तर ती उल्लंघन आणि 'पासिंग ऑफ' या दोन्ही कसोट्यांवर लंगडी आहे, कारण मालाचे वर्णन करण्यासाठी असे शब्द प्रामाणिकपणे वापरण्यास कोणालाही मुभा आहे.

बिनबुडाच्या धमक्यांविरुद्ध कलम 142 खाली न्यायालयात जाता येते, पण धमकी देणाऱ्या नोंदणीधारकाने वेळेत उल्लंघनाचा दावाच दाखल केला, तर हा मार्ग बंद होतो. म्हणून नोटिशीच्या उत्तरात रागापेक्षा तारखा आणि कागदपत्रे आधी मांडावीत.