टायरची असमान झीज आणि सस्पेन्शनची दुरुस्ती (मराठवाडा)

मोटारीच्या टायरची नक्षी सगळीकडून सारखी न झिजता एका कडेने, मधोमध, दोन्ही खांद्यांवर (दोन्ही कडांना) किंवा ठिकठिकाणी खळगे पडल्यासारखी झिजते, तेव्हा तिला असमान झीज म्हणतात. मराठवाड्यातल्या गॅरेजात हा शब्द कुणी वापरत नाही. तिथे ‘गाडी टायर खायलीय’ म्हणतात आणि पार गुळगुळीत झालेल्या टायरला ‘गोटा झालाय’ म्हणतात. बोलीतले वर्णन जास्त नेमके आहे. टायर खाणारी गाडीच असते: कधी हवेमुळे, कधी चाकांच्या कोनामुळे, तर कधी चाक धरून ठेवणाऱ्या सस्पेन्शनचे भाग ढिले झाल्यामुळे. सस्पेन्शनला परिभाषेत ‘निलंबन’ असा शब्द आहे. पण इकडे निलंबन तलाठ्याचे होते, गाडीचे नव्हे, म्हणून या नोंदीत सस्पेन्शन हाच शब्द ठेवला आहे.

रस्ता आणि माती

मराठवाड्याचा मोठा भाग काळ्या कापसाच्या मातीचा आहे. बेसॉल्ट खडकापासून बनलेली ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मुरूम-खडीचा पुरेसा थर न देता तिच्यावर केलेला डांबरी रस्ता तिच्याबरोबरच वरखाली होतो आणि काही पावसाळ्यांत लाटांसारखा दिसू लागतो. त्यात दिवाळीच्या सुमारास उसाचा हंगाम सुरू होतो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लावून कारखान्याकडे जाणारा ऊस रस्त्याला दोन चाकोऱ्या पाडतो, आणि मोटारीचे चाक त्या चाकोरीच्या उतरत्या कडेवर तिरके चालत राहते.

डाव्या चाकांचे हाल जास्त. अरुंद रस्त्यावर समोरून एसटी किंवा उसाची ट्रॉली आली की मोटारवाल्याने डावी दोन चाके साइडपट्टीवर उतरवायची, हा न लिहिलेला नियम आहे. पावसाने साइडपट्टीचा मुरूम वाहून गेलेला असला की डांबराची कड चार-चार बोटे उंच उरते. परत वर चढताना ती कड टायरच्या भिंतीला घासते आणि त्याचा धक्का टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारी दांडी) व लोअर आर्मपर्यंत (चाकाला खालून धरणारा हात) जातो. त्यामुळे अनुभवी मिस्त्री गाडी जॅकवर घेतल्यावर आधी पुढचे डावे चाक धरतो. गावोगावी लोकांनी स्वतःच घातलेले, पट्टे न मारलेले गतिरोधक हा आणखी एक मामला. रात्री ते दिसतात ते गाडी त्यांवरून उडाल्यावर.

दुसऱ्या बाजूला सोलापूर–धुळे हा राष्ट्रीय महामार्ग ५२ धाराशिव, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जोडतो, आणि डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला झालेला समृद्धी महामार्ग जालना व छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जातो. त्यामुळे गावच्या रस्त्याने खाल्लेला टायर घेऊन तीच गाडी दुसऱ्या दिवशी काँक्रीटवर ताशी १०० किलोमीटरच्या वर धावते. हवा कमी असलेल्या टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते आणि त्या वाकण्याने तापते. आतल्या कडेने तारा दिसेपर्यंत झिजलेला टायर बाहेरून मात्र चांगला दिसतो, आणि मे महिन्यात चाळीस अंशांच्या वरच्या उन्हात तोच फुटतो.

टायर काय सांगतो

दुरुस्तीची सुरुवात पान्याने करू नये, टायर बघून करावी. नव्या मोटारीच्या टायरच्या खाचा साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असतात. भारतात मोटारीसाठी कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. हे उंचवटे नेमके कुठे आहेत ते दाखवणारी खूण टायरच्या भिंतीवर असते. तिथेच चार आकडी तारीखही सापडते: ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असलेला पण उन्हात भेगाळलेला जुना टायर ‘कमी चाललेला’ म्हणून विकला जातो, तेव्हा हे चार आकडे वाचायचे.

मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त राहिली आहे. दोन्ही खांदे झिजले असतील तर कमी. हवेचा योग्य आकडा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेला असतो; लहान मोटारींना तो बहुधा ३० ते ३५ पीएसआयच्या आसपास असतो आणि पूर्ण भार असताना मागच्या चाकांसाठी वेगळा दिलेला असतो. हा आकडा थंड टायरचा. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की दाब सुमारे एक पीएसआयने चढतो. म्हणून लातूरहून निघून दुपारी तुळजापूरला पंपावर हवा मोजली, ‘जास्त आहे’ म्हणून काढली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर मऊ सापडतो.

एकच कड झिजली असेल तर कोनाचा प्रश्न आहे. समोरून पाहिल्यावर चाक आत किंवा बाहेर कलले असेल तर तो कॅम्बर. वरून पाहिल्यावर दोन चाकांची तोंडे एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून दूर वळली असतील तर ती टो. टायर सर्वांत जास्त खाते ती टो. हिशोब सोपा आहे. चाक चालण्याच्या दिशेपासून फक्त पाव अंश वळलेले असेल तर ते दर किलोमीटरला सव्वाचार मीटरहून थोडे जास्त आडवे ओढले जाते. छत्रपती संभाजीनगरहून बीडपर्यंतच्या सुमारे सव्वाशे किलोमीटरांत ते अर्ध्या किलोमीटरहून अधिक आडवे घासून निघते.

टोची झीज डोळ्यांपेक्षा तळहाताला आधी कळते. टायरवरून हात आडवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवायचा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर टो बिघडली आहे. मात्र आतल्या कडेने तारा बाहेर आल्या असतील तर हात कापतो. आधी टॉर्च मारून बघावे. हात टायरच्या गोलाईच्या दिशेने फिरवताना उंच-खोल, खळगे-खळगे लागले तर शॉकअप (चाकाची उसळी जिरवणारा भाग) मेले आहे किंवा चाकाचे बॅलन्सिंग (सगळीकडे सारखे वजन) गेले आहे. असे चाक रस्त्यावर टेकून चालत नाही, बारीक उड्या मारते, आणि प्रत्येक उडीनंतर जिथे टेकते तिथले रबर खाते. मागच्या चाकांवर ही खूण जास्त दिसते, कारण तिकडे कुणी बघत नाही.

बॅलन्सिंगला पैसे देण्याआधी पावसाळ्यात एक गोष्ट करावी. काळ्या मातीचा चिखल रिमच्या आतल्या बाजूला एकाच ठिकाणी चिकटून वाळतो आणि ७०–८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते. शेतावर जाऊन आल्यानंतर दुसऱ्या दिवशी थरथर सुरू झाली असेल तर औषध पाण्याच्या पाइपात आहे.

हलवून पाहणे

गाडी जॅकवर घेऊन, खाली घोडी (भार पेलणारा स्टँड) लावून (नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली जाणारे मिस्त्री आहेत, त्यांचे अनुकरण करू नये) चाक दोन्ही हातांनी धरून हलवतात. घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवल्यावर खट्ट झाले तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंडला (टाय रॉडच्या बाहेरच्या किंवा आतल्या टोकाला) प्ले, म्हणजे ढिलाई, आहे. बारा आणि सहाच्या जागी धरून हलले तर खालचा बॉल जॉइंट (आर्मला चाकाशी जोडणारा गोळ्याचा सांधा) किंवा व्हील बेअरिंग. या दोघांतला चोर ओळखायची युक्ती जुनी आहे: दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचे. ब्रेकमध्ये चाक नकलशी (चाक ज्यावर बसते त्या लोखंडी भागाशी) जखडले जाते, त्यामुळे हलणे थांबले तर बेअरिंग, तरीही हलत राहिले तर बॉल जॉइंट.

लोअर आर्मचा मागचा बुश (रबराचा सांधा) हाताने कळत नाही. त्याला टॉमी (लोखंडी पहार) लावून उचकावे लागते. रबर लोखंडापासून सुटलेले दिसते, किंवा फाटून त्यात काळी माती भरलेली असते. हा बुश गेला की ब्रेक मारताना चाक मागे सरकते, गाडी एका बाजूला ओढते, आणि उभ्या गाडीत कोन मोजणाऱ्या मशीनवर बरोबर दिसणारी टो चालत्या गाडीत बिघडते.

आवाजावरून निदान करायची सवय सगळ्यांना आहे, आणि ती अर्धी बरोबर आहे. बारीक खडबडीवर टकटक आली तर बहुधा स्टॅबिलायझरची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीची) लिंक. ती आवाज फार करते, टायर फारसे खात नाही. खड्ड्यात दणका बसला तर शॉकअप किंवा स्ट्रट माउंट (त्याच्या वरचा आधार). गतिरोधकावर कुईकुई झाली तर कोरडे पडलेले बुश. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना कटकट येत असेल तर ती अॅक्सलच्या जॉइंटची, सस्पेन्शनची नव्हे; तिच्यापायी चांगले लोअर आर्म बदललेल्या गाड्या कमी नाहीत. कुईकुई थांबवायला बुशवर ऑइल मारणारे वस्तादही भेटतात. आवाज आठ दिवस थांबतो, आणि ऑइलने रबर फुगून बुश कायमचा जातो.

भाग बदलणे

आजच्या बहुतेक लहान मोटारींना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन याची ही रचना १९५० मध्ये फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या ब्रिटिश गाड्यांत आली. आपल्याकडे ती १९८३ च्या मारुती ८०० मुळे गल्लीतल्या गॅरेजापर्यंत पोचली. तिच्यात शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात असतात, म्हणून शॉकअप बदलताना दाबलेली स्प्रिंग सोडावी लागते. या कामाला स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरचे दोन मजबूत क्लॅम्प लागतात. तारेने किंवा साखळीने बांधून स्प्रिंग उतरवणारा मिस्त्री कितीही हुशार असला तरी त्याच्यासमोर उभे राहू नये. शॉकअप एका बाजूचे गेले तरी एका अॅक्सलची जोडी बदलायची. त्याचबरोबर वरचा माउंट आणि बेअरिंग तपासायचे, कारण ते काढायला पुन्हा तेवढीच मजुरी पडते.

बॉल जॉइंटचा नट काढला तरी त्याचा निमुळता दांडा नकलमध्ये घट्ट बसलेला असतो. दांड्याच्या टोकावर हातोडा मारला तर आटे दबतात. नकलच्या कानावर बाजूने मारला तर तो सुटतो. टाय रॉड एंड काढण्यापूर्वी किती आटे आत आहेत ते मोजून नवा तेवढाच फिरवावा, म्हणजे गाडी निदान अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन जुळवण्याच्या) दुकानापर्यंत सरळ जाते.

सर्वांत जास्त चूक बुश बसवताना होते, आणि ती दिसत नाही. लोअर आर्मच्या बुशमधले रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते. आर्म वरखाली होताना बुश फिरत नाही, रबर पिळले जाते. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट कच्चून आवळला, तर आर्म खाली असतानाची जागा ही त्या रबराची विश्रांतीची जागा ठरते. गाडी जमिनीवर आली की रबर कायम पिळलेले राहते आणि नवा बुश थोड्याच महिन्यांत फाटतो. मग दोष दुकानदाराच्या मालाला दिला जातो. योग्य पद्धत अशी की बोल्ट नुसते हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची किंवा आर्मखाली जॅक देऊन चाकावर भार आणायचा, आणि मग शेवटचे आवळायचे. पिट असलेल्या गॅरेजात हे सहज होते. रस्त्याकडेच्या गॅरेजात मिस्त्रीला गाडीखाली आडवे व्हावे लागते, म्हणून टाळले जाते.

पिकअप, जीप आणि काळी-पिवळीसारख्या पाट्यांच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) गाड्यांचे दुखणे वेगळे: शॅकलचे (पाटा गाडीला लटकवणाऱ्या कडीचे) बुश, मधला बोल्ट आणि पाटा बांधणारा यू-बोल्ट. यू-बोल्ट ढिला पडून मागचा अॅक्सल पाट्यावर सरकला की गाडी तिरकी चालते आणि चारही टायर खाते.

अलाइनमेंट शेवटी

टायर खायला लागला की लोक आधी अलाइनमेंटला जातात. हा क्रम उलटा आहे. ढिल्या बुशवर केलेले अलाइनमेंट गाडी दुकानाबाहेर पडून पहिल्या खड्ड्यात गेली की संपते. मशीनची छापील चिठ्ठी तेवढी हिरवी राहते. आधी हवा, मग प्ले, मग भाग, आणि शेवटी कोन. बहुतेक लहान मोटारींना पुढे फक्त टो कमी-जास्त करता येते. कॅम्बर चुकला असेल तर काहीतरी वाकले आहे: स्ट्रट, नकल किंवा आर्म. मागचा अॅक्सल एकसंध असेल तर तिथे फिरवायला बोल्टच नसतो.

पुढच्या चाकांवर ओढ असणाऱ्या गाड्यांत पुढचे टायर लवकर झिजतात, म्हणून आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे-मागचे अदलाबदल करतात. दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते पुढे बसवायची इकडची रीत आहे. टायर कंपन्या मात्र मागे बसवायला सांगतात, कारण ओल्या रस्त्यावर मागची चाके सुटली तर गाडी सावरत नाही. नव्या टायरनंतर पाचशे किलोमीटरांनी पुन्हा एकदा तळहात आडवा फिरवला की काम जमले की नाही ते कळते.

यातले काही सामान मराठवाड्यातच बनते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला गुडइयरचा टायर कारखाना आहे, आणि एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज ही तिथलीच कंपनी दुचाकी-तीनचाकींची शॉकअप बनवते. कामातून गेलेल्या टायरचा प्रवास मात्र गॅरेजाच्या दाराशी थांबत नाही. मोटारीचा टायर पंक्चरवाल्याच्या दुकानापुढे पाटी होऊन उभा राहतो किंवा कडब्याच्या गंजीवरच्या ताडपत्रीवर वजन म्हणून पडतो; मोठ्या गाड्यांचे उतरलेले टायर बैलांच्या टायरगाडीला लागतात आणि ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर जातात.