जुन्या कोडची घडी मोडू नये म्हणून

सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका चादर कारखान्याचा बिलांचा प्रोग्राम मी नऊ वर्षं सांभाळतोय. गेल्या महिन्यात काम एवढंच होतं: घाऊक गिऱ्हाइकांची सवलत पाच टक्क्यांवरून सहा करायची. आकडा बदलला, फाइल सेव्ह केली, जोडीदाराला तपासायला पाठवली. पाच मिनिटांत त्याचा फोन. "काय बे, सगळी फाइल नव्यानं लिहिलास काय? बाराशे ओळी बदलल्या म्हणून दाखवतंय!"

मी एकच आकडा बदलला होता. बाकी उचापत एडिटरची, म्हणजे ज्यात कोड लिहितो त्या प्रोग्रामची. आदल्या आठवड्यात तो अपडेट झाला आणि कोड मांडायचा त्याचा नियमच बदलला. पूर्वी महिरपी कंस स्वतंत्र ओळीवर यायचा, आता तो वरच्याच ओळीच्या शेवटी. ओळ आत सरकवायला पूर्वी टॅब होता, आता चार स्पेस. मी सेव्ह करताच त्यानं अख्खी फाइल नव्या नियमानं मांडून टाकली.

प्रोग्राम चालला पूर्वीसारखाच, कारण जावासारख्या भाषेतला कोड चालण्याजोगा करणाऱ्या कंपायलरला अशा मोकळ्या जागेचं काही देणंघेणं नसतं. गिटला, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामला, असतं. ते फाइलींची तुलना ओळीनं ओळ करतं, आणि त्याच्या लेखी टॅब म्हणजे अक्षर क्रमांक 9, स्पेस म्हणजे क्रमांक 32. सवलतीचा खरा बदल त्या गर्दीत बुडाला. त्याहून मला लागलं ते वेगळंच. कुठली ओळ कोणी, कधी, कशासाठी लिहिली हा नऊ वर्षांचा इतिहास झाकला गेला आणि जवळजवळ प्रत्येक ओळीपुढं माझं नाव आणि त्या दिवसाची तारीख आली.

टॅबचं प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे. टायपिंगच्या क्लासात ज्यांनी मशीन बडवलंय त्यांना आठवेल, टॅबचे थांबे आधी लावून ठेवायचे, मग कळ दाबली की गाडी सरकत पुढच्या थांब्यावर जायची. कागदावर रिकामी जागा पडायची ती कायमची. नंतर थांबे हलवले तरी जुना कागद तसाच राहायचा. संगणकाच्या फाइलीत मात्र ती जागा साठत नाही. 'पुढच्या थांब्यावर जा' हा हुकूम तेवढा साठतो. थांबे कुठं आहेत हे बघणाऱ्याचा एडिटर ठरवतो: युनिक्स प्रणालीच्या जुन्या रिवाजात दर आठ अक्षरांवर, आज बऱ्याच जणांकडं दर चारवर. म्हणून टॅब आणि स्पेस मिसळलेली फाइल एकाच्या पडद्यावर सरळ दिसते, दुसऱ्याच्या पडद्यावर वाकडीतिकडी. पायथन या भाषेत तर ओळ किती आत आहे यावरच अर्थ ठरतो. पायथन 2 टॅबला आठच्या पटीत मोजून चालवून घ्यायचं. 2008 साली आलेल्या पायथन 3 नं अशी संदिग्ध मिसळ सरळ चूक ठरवली.

उलट टोकाचं उदाहरण 'मेक'चं, म्हणजे लिहून ठेवलेल्या आज्ञांवरून प्रोग्राम बांधून देणाऱ्या साधनाचं. बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते 1976 साली लिहिलं. त्यात आज्ञेची ओळ टॅबनंच सुरू व्हायला हवी. स्पेस दिले तर चालत नाही. हा नियम गैरसोयीचा आहे हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं होतं. पण तोवर डझनभर लोक मेक वापरत होते, बहुतेक मित्रच, आणि त्यांच्या फाइली मोडायच्या नव्हत्या. नियम तसाच राहिला. जीएनयू मेक या त्याच्या मुक्त अवतारात दुसरं चिन्ह निवडायची सोय आली ती 2010 साली, 3.82 आवृत्तीत, आणि तीसुद्धा आपण मागितली तरच लागू होते. त्या डझनभरांसाठी पुढं लाखोंनी टॅब सांभाळला. तरीही ज्याचं काम चालू आहे त्याला न विचारता ते मोडायचं नाही, ही वृत्ती मला मनापासून पटते.

नियम कधी बदलूच नयेत असं मात्र नाही. मांडणीला नाव द्यावं आणि नावासोबत आवृत्तीही. ईमॅक्स या एडिटरमध्ये सी भाषेसाठी 'जीएनयू', 'बीएसडी', 'लिनक्स' अशा नावाच्या मांडण्या आहेत, आणि आपली मांडणी कोणती हे फाइल स्वतःच सांगू शकते. पायथनचा 'ब्लॅक' हा फॉरमॅटर, म्हणजे कोड आपोआप मांडणारा प्रोग्राम, आपली पक्की मांडणी वर्षाच्या मध्येच बदलत नाही. बदल जानेवारीत येतात. 2025 च्या फेब्रुवारीत रस्ट या भाषेनं मांडणीलाच 'एडिशन', म्हणजे भाषेची आवृत्ती, जोडली. जुना प्रकल्प स्वतःहून नव्या एडिशनवर जाईपर्यंत त्याची मांडणी जुनीच राहते.

हे कारखान्यात कुणाला समजावावं लागत नाही. तिथं जकार्ड मागावर चादरीची नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून उतरते. नवी नक्षी आली म्हणून जुन्या पुठ्ठ्यांवर कुणी नवी भोकं पाडत नाही. जुनी माळ बांधून ठेवतात, मागणी आली की तीच मागावर चढते.

मी जुनी फाइल परत आणली. मांडणीचे नियम आणि फॉरमॅटरची आवृत्ती प्रकल्पाच्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवली, म्हणजे एडिटर कुठलाही असो, नियम कोडसोबत राहतील. पुढं कधी सगळं नव्यानं मांडायचंच ठरलं तर ती नोंद वेगळी करीन; 2019 च्या 2.23 आवृत्तीपासून गिटला ओळींचा इतिहास दाखवताना अशी नोंद वगळायला सांगता येतं. मग सवलतीचा आकडा पुन्हा बदलला आणि फाइल जोडीदाराला धाडली. या वेळी तुलनेत लाल रंगात एक ओळ होती, हिरव्या रंगात एक. पाचाच्या जागी सहा.