गिअरची वायर जाणार का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

पावसाळा सरला की रेवस ते रेडी या सागरी मार्गावर सायकलस्वारांचे जथे दिसू लागतात. दाभोळच्या किंवा जयगडच्या जेट्टीवर फेरीबोटीची वाट पाहत उभे असताना त्यांच्या गप्पा हमखास एका प्रश्नावर येऊन ठेपतात : नवी सायकल घ्यायची तर वायरीने बदलणाऱ्या गिअरची घ्यावी, की बॅटरीवर चालणाऱ्या? वायर आता संपलीच, असे एक जण ठामपणे सांगतो आणि दुसरा किमतीचा आकडा उच्चारून त्याला गप्प करतो. हा वाद वाटतो तितका नवा नाही. जुनी पद्धत जाणार का, हा प्रश्न गिअरच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा विचारला गेला असून शर्यतीच्या रस्त्यावर मिळालेले उत्तर दुरुस्तीच्या दुकानापर्यंत दर वेळी उशिरा, आणि काही वेळा पार बदलून, पोहोचले आहे.

कोकणापुढे तर हा प्रश्न फार काळ उभाच राहिला नाही, कारण इथल्या सायकलला गिअरच नव्हता. १९४९ मध्ये मद्रासेत सुरू झालेली टीआय सायकल्स, १९५१ मधली सोनिपतची ॲटलस आणि १९५६ मधली लुधियान्याची हिरो यांच्या कारखान्यांतून देशभर गेली ती काळी, भारी, कॅरिअरवर पोते पेलणारी सायकल. तिच्या पुढच्या चक्राला साधारण ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असत, म्हणजे पायडलचा एक फेरा पुरा केला की सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाई. वेंगुर्ल्याच्या बाजारपेठेत हा हिशेब ठीक होता; परशुराम किंवा कुंभार्ली घाटात नव्हता. चढण आली की पोस्टमन असो वा पाववाला, खाली उतरून हँडल धरून चालू लागे आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. आजच्या सायकलीत पुढे ३४ आणि मागेही ३४ दात्यांची जोडी लावली तर पायडलचा एक फेरा जेमतेम २.१ मीटर नेतो. ही जोडी चालता चालता कशी बदलायची, एवढाच गिअरच्या सगळ्या इतिहासाचा विषय आहे.

युरोपात या इतिहासाची सुरुवात दोन वाटांनी झाली. १९०२-०३ च्या सुमारास इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे रॅली या सायकल कंपनीच्या फ्रँक बोडन यांनी स्टर्मी-आर्चर या नावाने तीन गिअरचे हब बाजारात आणण्याची तयारी केली. त्यात सगळी दातेरी चाके मागच्या चाकाच्या तुंब्यात बंद असत. पुढे रूढ झालेल्या रचनेत मधला गिअर सरळ, खालचा पाव हिश्शाने हलका आणि वरचा एक तृतीयांशाने जड असे. तेलात बुडालेली, पाण्यापासून झाकलेली ही यंत्रणा कोकणच्या हवेला अगदी साजेशी होती, पण आपल्याकडे ती फारशी रुजली नाही, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. दुसरी वाट फ्रान्समधली. सेंत-एतियेन येथील पॉल द विव्ही, ज्यांना सायकलविश्व वेलोसिओ या टोपणनावाने ओळखते, त्यांनी डोंगराळ रस्त्यांसाठी चेन एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर सरकवण्याच्या यंत्रणेचा, म्हणजे डिरेलरचा, हिरिरीने पुरस्कार केला. त्यांना विरोध झाला तो थेट टूर द फ्रान्सचे संस्थापक आंरी देग्रांज यांच्याकडून. शर्यत पायांच्या ताकदीची आहे, यंत्राची नव्हे, या भूमिकेतून त्यांनी व्यावसायिक स्पर्धकांना डिरेलरची मनाई केली. परिणामी आल्प्सच्या पायथ्याशी स्पर्धक सायकलवरून उतरत, नट सैल करून मागचे चाक काढत आणि दुसऱ्या बाजूची मोठी चकती चेनखाली यावी म्हणून ते उलटे करून बसवत; शिखरावर पोहोचले की पुन्हा तोच खटाटोप. १९३६ मध्ये प्रकृतीच्या कारणाने देग्रांज यांनी सूत्रे सोडली, १९३७ मध्ये डिरेलरला परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी रोजे लापेबी यांनी डिरेलर वापरून टूर जिंकली.

त्यानंतरची तीस-चाळीस वर्षे सुधारणांची होती. इटलीच्या तुल्लियो काम्पान्योलो यांच्या ग्रान स्पोर्त डिरेलरने १९५० च्या सुमारास समांतरभुज चौकटीची रचना रूढ केली, तर १९६४ मध्ये जपानच्या सनटूरने ती चौकट तिरकी बसवून चेन प्रत्येक चकतीच्या जवळ राहील अशी व्यवस्था केली. या काळातला खटका, म्हणजे गिअर बदलण्याची कळ, आजच्या सायकलस्वाराला अपुरा वाटेल, कारण त्याला ठरावीक टप्पेच नव्हते. सायकलीच्या सांगाड्याच्या नळीवर बसवलेली एक छोटी दांडी केवळ घर्षणाने जागच्या जागी राही; ती बोटाने ओढायची, चेन खडखडली की अंमळ मागे सोडायची आणि आवाज थांबला की समजायचे, गिअर बसला. वायर थोडी ताणली असो, गंजली असो, डिरेलर एका कंपनीचा आणि फ्रीव्हील दुसऱ्या कंपनीचे असो, दांडीला त्याचे सोयरसुतक नसे, कारण अचूकपणाची जबाबदारी यंत्रावर नव्हती, स्वाराच्या कानावर होती.

ती जबाबदारी १९८४ मध्ये यंत्राकडे गेली, आणि माझ्या मते आजच्या वादाचे खरे मूळ इथे आहे, बॅटरीत नाही. सनटूरच्या तिरक्या चौकटीचे पेटंट त्याच वर्षी संपले आणि जपानच्याच शिमानो कंपनीने ड्युरा-एस या आपल्या सर्वांत वरच्या संचात ठरावीक टिचक्यांनी बदलणारे गिअर आणले. एक टिचकी, एक चकती. १९९० मध्ये हे खटके ब्रेकच्या मुठीत आले आणि गिअर बदलण्यासाठी हँडल सोडण्याची गरज उरली नाही. पण टिचकीला अचूक माप लागते. शिमानोच्या ८ चकत्यांच्या संचात एका टिचकीला वायर सुमारे २.८ मिलिमीटर सरकते आणि डिरेलर ४.८ मिलिमीटर, ११ चकत्यांच्या संचात दोन चकत्यांमधले अंतर ३.७ मिलिमीटरच्या आसपास येते. आता ही वायर १.२ मिलिमीटर जाडीची, खाऱ्या वाऱ्यात वर्षभर उभ्या असलेल्या आणि पावसात जांभ्याचा लाल चिखल खाल्लेल्या सायकलीची आहे असे समजा. क्रँकच्या खालून ती जिथे वळते तिथे चिखल बसतो, आवरणाच्या आत गंज धरतो, खटका तर टिचकी देतो पण चेन दोन चकत्यांच्या मध्ये कुरकुरत राहते. आगोटीच्या दिवसांत फ्रीव्हीलला जळके ऑइल चोपडून चार महिने निश्चिंत होणाऱ्या पिढीला हे दुखणे ठाऊक नव्हते.

बॅटरीचे गिअर हे याच दुखण्यावरचे औषध आहे. फ्रान्सच्या माविकने १९९० च्या दशकात विजेवरचे दोन संच आणले, परंतु ते भरवशाचे ठरले नाहीत. २००९ मध्ये शिमानोचा डीआयटू, २०११ मध्ये काम्पान्योलोचा ईपीएस आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या स्रॅमचा बिनतारी ईटॅप आल्यावर चित्र पालटले. डिरेलरमधली छोटी मोटर दर वेळी ठरलेले अंतर मोजून सरकते, ओढायला वायर नसल्याने गंजायलाही वायर नसते. २०२१ मध्ये १२ चकत्यांचा नवा ड्युरा-एस आला तो केवळ विजेवरचा. शर्यतीपुरता वाद तिथे मिटला.

किनाऱ्यावर तो मिटत नाही, याचे कारण दोन प्रसंगांतून सांगतो. आरे-वारेच्या चढावर माझ्या सायकलीची वायर मुठीच्या आत, जिथे ती सर्वांत लहान वळण घेते तिथे, तुटली. चेन सर्वांत लहान, म्हणजे सर्वांत जड चकतीवर पडली. स्क्रू-ड्रायव्हरने डिरेलरचा मर्यादा-स्क्रू आवळून ती तिसऱ्या चकतीवर रोखली, रत्नागिरी गाठली, आणि तिथल्या साध्या सायकल दुकानात अर्ध्या तासात नवी वायर पडली. दुसऱ्या फेरीत सोबत्याचा बिनतारी खटका दापोलीजवळ मुका झाला. दोष निघाला मुठीतल्या नाण्याएवढ्या सेलचा, आणि तो मिळाला घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे. तेव्हा विजेचे सगळे बिघाड अवघड, असे म्हणणे बरोबर नाही. खाऱ्या हवेत वायरच अधिक वेळा दगा देते, हेही मान्य केले पाहिजे. मात्र मोटरच बंद पडली, हँगर, म्हणजे डिरेलर ज्यावर लटकतो तो कान, वाकून डिरेलर चाकात गेला किंवा खटका आणि डिरेलर यांची जुळणी मोबाइलवरून नव्याने करावी लागली, तर भाग मागवावा लागतो पुण्या-मुंबईहून, आणि तोवर सायकल ज्या गिअरवर होती त्याच गिअरवर अडकलेली राहते.

उत्पादकांनाही याची जाणीव असावी. २०२२ मध्ये शिमानोने मधल्या किमतीच्या १०५ या संचाची १२ चकत्यांची आवृत्ती आधी केवळ विजेवर आणली, पण पुढच्याच वर्षी त्याच संचाची वायरीवरची आवृत्तीही काढली. त्याच २०२३ मध्ये क्यूज ही मालिका आली. ती मुळात वायरीचीच होती, आणि ९, १०, ११ चकत्यांचे भाग एकमेकांशी जुळावेत व जास्त टिकावेत यावर तिचा भर होता. घर्षणाच्या दांडीबरोबर गेलेली मोकळीक थोडीफार परत आणण्याचा हा प्रयत्न मला बॅटरीपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो.

दरम्यान एक भाग खरोखरच नाहीसा होत चालला आहे, आणि त्यावर जेट्टीवर कुणी वाद घातलेला मी ऐकला नाही. २०१२ मध्ये स्रॅमने पुढे एकच चक्र व मागे ११ चकत्या असा डोंगरी सायकलींचा संच आणला आणि २०१६ मध्ये मागची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा गठ्ठा, १० ते ५० दात्यांपर्यंत रुंदावली, तेव्हापासून पुढच्या डिरेलरची गरज त्या सायकलींपुरती संपली. वायर, खटका, डिरेलर, तिन्ही एकदमच गेले. फेरीबोटीत ओळीने टेकवलेल्या नव्या डोंगरी सायकलींच्या हँडलची डावी बाजू पाहिली, तर तिथे नुसता ब्रेक उरलेला दिसतो.