झीज आणि वीक स्ट्राइक: सपाट दिसणारं प्रत्येक नाणं वापरलेलं नसतं

नाण्यावरच्या केसांच्या बटा सपाट दिसल्या की लगेच ‘व्हीएफ’ (व्हेरी फाइन, बऱ्यापैकी वापरलेल्या नाण्याची ग्रेड, म्हणजे दर्जा) म्हणून मोकळं व्हायचं. आणि तेच नाणं आपलं असेल, विकायला काढलेलं असेल, तर ‘झीज नाही, स्ट्राइकच वीक आहे’, म्हणजे ठसाच मुळात नीट उमटलेला नाही, असं ठासून सांगायचं. हे दोन्ही मला आता ऐकवत नाही. तपशील दिसत नाही एवढंच पाहिलं जातं, तो का दिसत नाही याच्याकडे कुणी वळत नाही. जास्त वाईट याचं वाटतं, की वर्षानुवर्षं एकाच मालिकेची नाणी जमवणारी, त्या मालिकेत अचूक ग्रेड सांगणारी माणसंही दुसरं नाणं हातात आलं की तितक्याच खात्रीनं चुकीचं सांगतात.

झिजेबद्दल फार बोलत नाही, ती सगळ्यांना ठाऊक आहे. नाणं हातोहात फिरतं, इतर नाण्यांवर घासतं, आणि जो भाग सर्वांत उंच तो आधी जातो: गालाचं हाड, कानावरचे केस, गरुडाची छाती. मग अक्षरं, मग कडा. एयूपासून (अबाउट अनसर्क्युलेटेड, जेमतेम वापरलेलं) खाली जीपर्यंतची (गुड, पुष्कळ झिजलेलं) सगळी उतरंड याच क्रमावर बसवलेली आहे.

वीक स्ट्राइक ही टाकसाळीतच घडून गेलेली गोष्ट. कोऱ्या चकतीवर दोन्ही बाजूंनी डाय (नक्षीचे उलटे साचे) दाबल्या जातात तेव्हा धातू वाहत जाऊन डायच्या खोबणींत शिरतो. नाण्यावरचा सर्वांत उंच भाग म्हणजे डायमधली सर्वांत खोल जागा, आणि तिथं धातू सगळ्यात शेवटी पोचतो. दाब कमी पडला, दोन डायमधलं अंतर जरा जास्त ठेवलं गेलं किंवा चकती पातळ निघाली, की धातू तिथवर जातच नाही. म्हणजे आधी घासून जाणारी जागा आणि न भरलेली जागा बहुतेक वेळा एकच निघते. घोटाळ्याचं मूळ हेच. अमेरिकेचा १९२१ चा चांदीचा पीस डॉलर बघा: उठाव इतका जास्त की कधीही वापरात न गेलेल्या नाण्यातही मधले केस अनेकदा पूर्ण उमटलेले नसतात. १९२२ मध्ये टाकसाळीनं उठावच कमी केला.

जागा एकच असल्यामुळे ‘काय दिसत नाही’ यावरून निकाल लागत नाही. जे सपाट दिसतंय, त्याचा पृष्ठभाग कसा आहे ते बघावं लागतं.

ठसा बसताना धातू मध्यातून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अत्यंत बारीक रेषा सोडतो. एकाच दिव्याखाली नाणं तिरपं धरून सावकाश फिरवलं, की प्रकाशाचे पट्टे त्यावरून गोल फिरताना दिसतात ते या रेषांमुळे. लस्टर म्हणतात ते हेच. झीज सगळ्यात आधी या रेषा खाते. पट्टा फिरत फिरत गालापाशी आला आणि तिथं तुटला, चांदीवर करडा किंवा तांब्यावर तपकिरी निस्तेज डाग राहिला, तर घासणीचा संशय घ्यायचा. पट्टा सपाट भागावरून न अडखळता पुढे गेला, तर ती जागा कुणी घासलेली नाही. ती मुळातच तशी आहे.

इथवर बरेच जण येतात आणि इथंच थांबतात. खरी अडचण पुढे आहे. जिथं धातू डायला नीट भिडलाच नाही, तिथं वाहण्याच्या रेषाही तयार झालेल्या नसतात. तिथं कोऱ्या चकतीचंच मूळ कातडं शिल्लक राहतं, आणि ते अनेकदा निस्तेज असतं. म्हणजे कधीही वापरात न गेलेल्या नाण्यावरही कानाच्या वर मंद, मळकट ठिपका दिसू शकतो. ‘चमक तुटली म्हणजे झीज’ हा नियम घोकणारा माणूस अशा नाण्याला बेधडक एयू म्हणतो.

म्हणून भिंग. पाच ते दहापट पुरतं, त्याहून मोठं घेतलं तर उलट गोंधळ वाढतो. त्या निस्तेज जागेवर बारीक खड्डे, टोचे, वाटेल त्या दिशेनं गेलेले ओरखडे आहेत का ते बघा. चकत्या तयार होताना एकमेकींवर आपटतात, त्याच्या या खुणा. पुरेसा दाब पडला असता तर त्या पुसल्या गेल्या असत्या, आणि नाणं बरंच वापरलं गेलं असतं तरी घासून गुळगुळीत झाल्या असत्या. सर्वांत उंच जागी त्या शाबूत आहेत, म्हणजे दोन्हीपैकी काहीच झालेलं नाही. झिजेनं सपाट झालेली जागा याच्या अगदी उलट दिसते: मऊ, एकसारखी.

दुसरी खूण बटांच्या मधल्या दऱ्यांत सापडते. झिजलेल्या बटेचा फक्त माथा जातो. दोन बटांमधली खोल रेघ बराच काळ धारदार राहते. वीक स्ट्राइकमध्ये माथाही बोथट आणि रेघही उथळ, कारण तिथला आकार घडलाच नव्हता. मला स्वतःला ही खूण लस्टरपेक्षा जास्त भरवशाची वाटते. जुनं, टोनिंग (काळानुसार धातूवर येणारी रंगछटा) चढलेलं नाणं असेल तर लस्टर वाचणं अवघड जातं, रेघांची खोली मात्र वाचता येते.

आणि नाणं उलटं करा. हे इतकं सोपं असून कुणी करत नाही. एका बाजूच्या खोल खोबणीसमोर दुसऱ्या बाजूलाही खोल खोबण असली की दोघींना धातू कमी पडतो. अमेरिकेच्याच मॉर्गन डॉलरवर कानावरचे केस आणि मागची गरुडाची छाती साधारण समोरासमोर येतात. १८७९ ते १९०४ या काळात न्यू ऑर्लिन्सच्या टाकसाळीत पाडलेल्या बऱ्याच मॉर्गन डॉलरांत हे दोन्ही भाग एकदमच सपाट असतात, तर वर्षाचे आकडे आणि कडेची अक्षरं खणखणीत. वापरात फिरून असं होत नाही. छातीची पिसं निघून जाईपर्यंत नाणं फिरलं असेल, तर कडांवरही झीज दिसायला लागते.

बाकीचे घोटाळे किरकोळ आहेत. डाय स्वतःच झिजलेली असेल तर अक्षरं कडेकडे ओढल्यासारखी दिसतात. डायमध्ये ग्रीस साचलं असेल तर एखादं अक्षर किंवा आकडा गायब होतो आणि शेजारचा ठणठणीत राहतो. एकदा पाहिलं की पुन्हा चुकत नाही.

आता खात्रीचा मुद्दा. आपल्या मालिकेत ग्रेड सांगताना जी खात्री वाटते ती फुकटची नाही, तिचा मला आदर आहे. पण ती येते कुठून? त्या मालिकेचं पूर्ण उमटलेलं नाणं कसं दिसतं, कोणत्या वर्षी, कोणत्या टाकसाळीत काय कच्चं राहायचं, हे शेकडो नाणी हाताळून डोळ्यांत बसलेलं असतं. ग्रेडची १ ते ७० ही मोजपट्टीसुद्धा अशाच विशेष अभ्यासातून आली. डॉ. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये ती मांडली ती १७९३ ते १८१४ मधल्या अमेरिकेच्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी. आज ती सगळ्याच नाण्यांना लावतात. आकडे कुठंही नेता येतात, त्यांच्यामागची नजर प्रत्येक मालिकेत नव्यानं कमवावी लागते.

यंत्रावर पाडलेल्या रुपयांत मुरलेला माणूस शिवराईला ग्रेड देतो तेव्हा हे लख्ख दिसतं. शिवराई हातानं ठोकलेली, डाय पुष्कळदा चकतीपेक्षा मोठी. ‘छत्रपति’मधली दोनच अक्षरं चकतीवर आली आणि बाकीची बाहेर राहिली, यात झिजेचा काहीच संबंध नाही. तिथं जी अक्षरं आहेत त्यांच्या भिंती उभ्या आहेत की ढासळल्यात एवढंच बघायचं. नसलेल्या अक्षरांचे गुण कापणं मला अजिबात पटत नाही.

ग्रेड आणि स्ट्राइक वेगवेगळे सांगावेत, असं माझं ठाम मत आहे. ग्रेडिंग संस्था काही मालिकांत हे करतातही: अमेरिकेच्या फ्रँकलिन हाफ डॉलरच्या घंटेवरच्या आडव्या रेषा पूर्ण असतील, मर्क्युरी डाइमच्या मागच्या पट्ट्या सुट्या दिसत असतील, तर आकड्यापुढे तशी नोंद होते. ‘एमएस ६३ (एमएस म्हणजे मिंट स्टेट, वापरात न गेलेलं), स्ट्राइक वीक’ असं लिहिलं की घेणाऱ्याला सगळं कळतं. निवड करायची वेळ आली तर मी स्वतः चेहरा सपाट असलेल्या एमएस ६४ पेक्षा पूर्ण उमटलेलं, जेमतेम घासलेलं एयू ५८ घेईन.

फोटोवरून ठरवायचं असेल तर एका फोटोवर विश्वास ठेवू नका. उजेड एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून टाकून काढलेले दोन फोटो मागा. सपाट जागा एकात उजळली आणि दुसऱ्यात काळवंडली तर लस्टर जिवंत आहे. दोन्हींत ती सारखीच करडी राहिली तर त्याच जागेचा भिंगातून काढलेला तिसरा फोटो हवा. त्यात चकतीच्या खडबडीत खुणा दिसल्या नाहीत, तर विक्रेता वीक स्ट्राइक कितीही म्हणो, नाणं एयू किंवा त्याखालचं धरूनच बोलणी करा.