पाण्याची पातळी आणि पुराचा अंदाज : यंत्र मागवण्याआधी वाचा

आमच्या नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं तयार होतात. समुद्र इथून लांब असला, तरी त्यातली काही किनाऱ्यावरच्या लगूनमध्ये बसतात. वाळूच्या पट्ट्याने समुद्रापासून तुटलेलं, पण एखाद-दोन मुखांनी त्याला जोडलेलं उथळ सरोवर म्हणजे लगून. ओडिशातलं चिलिका तसंच. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी घरांत शिरलं. तेव्हापासून शहरातल्या सोसायट्याही विचारू लागल्या आहेत : पूर येणार हे यंत्र आधी सांगेल का?

एकटं यंत्र नाही सांगणार. ते आत्ताची पातळी सांगतं. पुढची सांगायची तर पाणी कुठून येतं आणि जातं कुठून, हे आधी कळायला हवं.

लगूनमध्ये ते दोन्हीकडून येतं. दया, भार्गवी या महानदीच्या शाखा चिलिकात पाणी आणतात, आणि पावसाळ्यात सरोवराचा पसारा साधारण ९०० चौरस किलोमीटरवरून ११०० च्या पुढे जातो. समुद्राकडून भरती येते. तिचा त्रास कमी, कारण भरती-ओहोटीची कोष्टकं आधीच छापलेली मिळतात आणि अमावास्या-पौर्णिमेचं उधाण कोळ्यांना तोंडपाठ असतं. फसवतात ते वारा आणि हवेचा दाब. दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण १ सेंटिमीटर वर येतो. त्यात वारा मुखाकडे पाणी लोटत राहिला, तर ओहोटी लागूनही आतलं पाणी नीट बाहेर पडत नाही. त्याच वेळी नदीला पूर असला, किंवा मुख वाळूने अरुंद झालेलं असलं, की पाणी तुंबलंच. म्हणून लगूनसाठी एक यंत्र मागणाऱ्याला आम्ही तीन जागा सुचवतो : मुखाशी, मध्यावर आणि नदी मिळते तिथे. वारा आणि दाब मोजणारी जोडणी वेगळी.

एवढं करूनही अंदाज चुकतो. व्हेनिसच्या लगूनच्या तिन्ही मुखांवर मिळून ७८ पोलादी दरवाजे आहेत. एरवी ते तळाशी पडून असतात, उचलले की भरती अडवतात. ऑक्टोबर २०२० मध्ये ते पहिल्यांदा खऱ्या भरतीसमोर उभे केले गेले. ८ डिसेंबर २०२० ला अंदाज १३० सेंटिमीटरच्या आतला होता, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्याखाली दरवाजे उचलायचे नव्हते. पाणी १३८ वर गेलं, सेंट मार्क चौक बुडाला. तेव्हा ‘शंभर टक्के अचूक’ म्हणणारा विक्रेता भेटला तर जरा जपूनच.

सेन्सर कोणता घ्यावा? पाण्यात बुडवायचा दाबाचा सेन्सर स्वस्त पडतो, पण खाऱ्या पाण्यात त्याचा हिशेब बदलतो. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास जड असतं. त्यामुळे गोड्या पाण्यासाठी जुळवलेला सेन्सर समुद्राच्या पाण्यात २ मीटर खोलीवर ५ सेंटिमीटर जास्त दाखवतो. लगूनचा खारेपणा ऋतूप्रमाणे बदलतो, म्हणजे ही चूकही बदलती. शिवाय शेवाळ, शिंपले चिकटतात ते वेगळंच. पुलाला टांगलेल्या रडार सेन्सरला यातलं काही बाधत नाही. किंमत जास्त आहे, तरी किनाऱ्यावर आम्ही तोच घ्या म्हणतो.

नागपुरात खारेपणा नाही, ऊन आहे. अल्ट्रासॉनिक सेन्सर वरून आवाज सोडतो आणि तो पाण्यावरून परतायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. म्हणजे तो आवाजाच्या वेगावर चालतो आणि तो वेग तापमानाबरोबर वाढतो. हवेचं तापमान १० अंशांनी चुकीचं धरलं गेलं, तर ३ मीटर अंतरावर जवळजवळ ५ सेंटिमीटरचा घोळ होतो. आत तापमान मोजणारा भाग असतो खरा, पण मे महिन्याच्या उन्हात तापलेला डबा हवेचं नाही, स्वतःचंच तापमान सांगतो. सावलीचं छप्पर म्हणूनच सोबत देतो. ते काढून ठेवू नका.

आता जागा. २०२३ मध्ये मध्यरात्रीनंतर काही तासांतच १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अशा वेळी सोसायटीच्या गेटवरचा सेन्सर वाजेल तेव्हा पाणी गेटाशीच आलेलं असेल. तो नदीच्या किंवा नाल्याच्या वरच्या अंगाला हवा, सोबत पर्जन्यमापक हवा. नदी-नाल्यावर किंवा पुलावर काहीही बसवायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते. तो अर्ज लिहायला आम्ही मदत करतो. नुसत्या मेसेजवर विसंबू नका, रात्री फोन सायलेंटवर असतात. चौकीदाराच्या खोलीत भोंगा लावून घ्या.

ऑर्डर देण्याआधी तीन गोष्टी कळवा : जागेचे फोटो, तिथे मोबाईलची रेंज किती येते, आणि आधी पाणी आलं असेल तर भिंतीवर त्याची खूण कुठवर आहे. भोंग्याची पातळी त्या खुणेवरूनच ठरवतो. भिंत रंगवायला काढली असेल तर आधी तेवढी खूण मोजून ठेवा.