स्क्रू पाइलड्रायव्हर

स्क्रू पाइलड्रायव्हर हा 'स्ट्रीट फायटर' या जपानी व्हिडिओ गेममालिकेतील झांगीफ या पहिलवानाचा मुख्य डाव. समोरच्याला कवेत घेऊन उलटा करायचा, त्याच्यासकट उंच उडी मारायची, हवेत भोवऱ्यासारखे गरगरायचे आणि खाली येताना त्याचे डोके जमिनीवर आपटायचे, असा हा प्रकार पडद्यावर दिसतो. जपानबाहेर तो बराच काळ 'स्पिनिंग पाइलड्रायव्हर' या नावाने ओळखला गेला. खेळणारे नुसते 'एसपीडी' म्हणतात. जॉयस्टिक पूर्ण गोल फिरवून काढायच्या पकडीचा, म्हणजे 'कमांड थ्रो'चा, हा मूळ नमुना. पुढे इतर खेळांत जी जाडजूड, संथ, पकडबाज पात्रे आली, ती बहुतेक याच डावाच्या सावलीत वाढली.

कॅपकॉम कंपनीचा 'स्ट्रीट फायटर २' १९९१ मध्ये नाणे टाकून खेळायच्या आर्केड यंत्रांवर आला. निवडायला आठ लढवय्ये होते आणि त्यांत सर्वांत अवजड झांगीफ: सोव्हिएत संघाचा मल्ल, छातीवर केसांचे जंगल, अंगावर अस्वलांशी कुस्ती खेळून पडलेले व्रण. खेळ तयार होत असताना त्याचे कामचलाऊ नाव वोडका गोबाल्स्की होते. कायमचे नाव त्या काळी जपानमध्ये व्यावसायिक कुस्ती खेळणाऱ्या व्हिक्टर झांगीएव्ह या सोव्हिएत मल्लावरून आले. झांगीफला घेऊन खेळ जिंकला की शेवटी हेलिकॉप्टरमधून गोर्बाचेव्हसारखे दिसणारे एक गृहस्थ उतरतात आणि त्याच्याबरोबर रशियन नाच करतात. खेळ यंत्रांवर आला त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत संघ विसर्जित झाला. नाच मात्र यंत्रात तसाच राहिला.

पाइलड्रायव्हर हा डाव व्यावसायिक कुस्तीतून, म्हणजे आधीच ठरवून दाखवल्या जाणाऱ्या कुस्तीतून, उचललेला आहे. त्यात प्रतिस्पर्ध्याचे डोके आपल्या मांड्यांत पकडून त्याला उलटा धरतात आणि खाली बसतात. मानेला इजा होण्याच्या भीतीने अनेक कुस्ती कंपन्यांनी त्याला आडकाठी केली. आपल्या तांबड्या मातीतल्या कुस्तीशी त्याचे नाते नाही; तिथे पाठ टेकवून चितपट करायचे असते, डोक्यावर आदळायचे नसते. कॅपकॉमच्याच १९८९ च्या 'फायनल फाइट' या खेळात माइक हॅगर हा पहिलवान महापौर पाइलड्रायव्हर घालत असे. पण तिथे शत्रूंना यंत्रच चालवत होते, आणि त्यांच्या अंगाला जाऊन भिडले की पकड आपोआप बसत असे. 'स्ट्रीट फायटर २'मध्ये समोर दुसरा माणूस उभा राहिला, आणि पकड बसवणे हे काम झाले.

लढाईच्या खेळात पकडीची गरज का पडते, हे एका साध्या अडचणीतून कळते. जॉयस्टिक मागे ओढून धरली की पात्र ब्लॉक करते आणि ठोसे-लाथा जवळजवळ वाया जातात. मग एकदा थोडी आघाडी घेतलेल्या खेळाडूने उरलेला वेळ कोपऱ्यात बसून ब्लॉक करत काढला, तर त्याचे करायचे काय? त्यासाठी पकड. ब्लॉकवर पकड चालते, पकडीवर फटका चालतो, फटक्यावर ब्लॉक चालतो. हे दगड-कागद-कात्रीचे चक्र जवळपास सर्व पात्रांना लागू आहे. झांगीफच्या हातात मात्र यातला एक कोन वाजवीपेक्षा मोठा दिलेला आहे. त्याची ही पकड साध्या पकडीपेक्षा लांबून बसते आणि कितीतरी जास्त लाइफ, म्हणजे पात्राची उरलेली ताकद, खाते. शिवाय ती सोडवता येत नाही. साधी पकड वेळेवर बटण दाबून सैल करण्याची सोय १९९४ च्या 'सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो'मध्ये आली, पण स्क्रू पाइलड्रायव्हरला ती सवलत नव्हती आणि नंतरही मिळाली नाही.

यंत्राच्या बाजूने पाहिले तर कुस्ती वगैरे काही नसते; असतो तो फक्त हिशेब. खेळ सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० स्थिर चित्रे, या गतीने चालतो आणि प्रत्येक फ्रेमला पात्रांभोवतीच्या न दिसणाऱ्या चौकटी तपासल्या जातात. पकडीची चौकट समोरच्याच्या अंगाच्या चौकटीला भिडली का, आणि समोरचा त्या क्षणी पकडण्याजोगा आहे का, हे दोनच प्रश्न. जो हवेत आहे तो पकडला जात नाही. जो नुकताच फटका खाऊन किंवा ब्लॉक करून त्या धक्क्यात आहे, तोही नाही. नुकत्याच पडून उठणाऱ्यालाही क्षणभर अभय असते. हे सगळे जुळले की पुढचे भिरभिरणे म्हणजे निव्वळ चित्रपट. निकाल आधीच लागलेला असतो. २०२३ च्या 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये बटण दाबल्यापासून पकड बसायला पाच फ्रेम लागतात, म्हणजे सेकंदाचा बारावा भाग. माणसाला डोळ्यांनी पाहून बोट हलवायला याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. त्यामुळे हा डाव पाहून चुकवता येत नाही, तो येणार हे ओळखूनच चुकवावा लागतो.

डाव काढण्याची रीत हा या नोंदीतला सर्वांत रंजक भाग. जॉयस्टिकला आठ दिशा. तिचा पूर्ण ३६० अंशांचा फेरा मारायचा आणि पंचाचे, म्हणजे ठोशाचे, बटण दाबायचे. सुरुवात कुठूनही, फेरा कोणत्याही बाजूने. ऐकायला सोपे आहे, पण गोम अशी की या फेऱ्यात 'वर' ही दिशाही येते, आणि 'वर' म्हणजे उडी. नवशिका खेळाडू मोठ्या आवेशाने जॉयस्टिक गरगर फिरवतो आणि झांगीफ प्रतिस्पर्ध्यासमोर जागच्या जागी टुणकन उडी मारून हवेत एक ठोसा हाणतो. मग खाली येताना मार खातो. नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेम पार्लरमध्ये बटणे बडवून नशिबाने आगीचा गोळा निघे. हा डाव तसा नशिबाने निघणे फार दुर्मीळ.

यावरचे सगळे उपाय म्हणजे 'वर' ही दिशा कशात तरी लपवणे. सर्वांत सोपा उपाय उडीतच लपवण्याचा: झांगीफ समोरच्याच्या पुढ्यात उडी मारून येतो, हवेत असतानाच फेरा पूर्ण करतो, पाय टेकले की पंच. हवेत असलेल्याला पुन्हा उडी कशी लागणार? दुसरा उपाय म्हणजे एखादा हलका ठोसा मारायचा आणि हात परत येईपर्यंत फेरा उरकायचा. तिसरा उपाय उभ्याउभ्या, आणि तो जमला की खेळाडू झांगीफवाला झाला असे समजतात. झांगीफ उजवीकडे चालत जात आहे. म्हणजे जॉयस्टिक उजवीकडे आहेच. तिथून ती खाली, मग डावीकडे आणि शेवटी वर. बटण त्या शेवटच्या टोकाला. उडीसाठी पाय उचलायला पात्राला काही फ्रेम लागतात. पंच तेवढ्या फटीत बसला की यंत्र उडी रद्द करून पकड देते. यात पाऊण फेराच झाला हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आले असेल. बऱ्याच आवृत्त्यांत मुख्य चार दिशा लागल्या की यंत्राचे समाधान होते, उरलेला पाव फेरा ते मागत नाही.

मूळ खेळात आणखी एक खुबी होती. समोरचा पकडीच्या अंतराबाहेर असला तर पकडीऐवजी साधा ठोसा निघे, आणि हुकलेला ठोसा म्हणजे समोरच्याला आमंत्रण. पण त्या खेळात विशेष डाव बटण दाबल्यावर निघत तसे ते सोडल्यावरही निघत. म्हणून जाणकार खेळाडू बटण आधीच दाबून धरत, फेरा मारून ते सोडत. समोरचा अंतरात असला तर पकड बसली, नसला तर काहीच घडले नाही. नंतरच्या आवृत्त्यांत ही पळवाट निरुपयोगी झाली, कारण हुकलेल्या पकडीलाच स्वतःचे चित्र मिळाले: झांगीफ हवेला मिठी मारतो आणि क्षणभर उघडा पडतो. माझ्या मते हा बदल न्याय्य होता. एवढ्या मोठ्या डावाला चुकण्याची किंमत असलीच पाहिजे.

पण पकड बसवण्याआधी पकडीच्या अंतरात पोहोचायला हवे, आणि झांगीफची लढत खरे तर इथेच होते. आखाड्यात डाव पडण्याआधी दोन पहिलवान मनगटे झटकत, मान दाबत, एकमेकांचा अंदाज घेत फिरतात. त्याला खडाखडी म्हणतात. झांगीफची खडाखडी बरीच लांबते, कारण तो चालतो सावकाश आणि समोरचे लोक लांबून मारतात. र्यू हा लढवय्या हादोकेन नावाचा गोळा फेकतो, गाईल सॉनिक बूम नावाचा. सर्वांत जास्त छळतो तो भारताचा ढालसिम. त्याचे हातपाय रबरासारखे लांब होतात आणि अर्ध्या पडद्यावरून तो झांगीफला टोचत राहतो. जुन्या आवृत्त्यांत झांगीफवाल्यांना नकोशी वाटणारी जोडी म्हणून ही प्रसिद्ध आहे. उत्तरादाखल झांगीफकडे दोन्ही हात पसरून फिरण्याचा डबल लॅरिअट आहे, ज्यातून फेकलेले गोळे आरपार निघून जातात, आणि पुढच्या आवृत्त्यांत हिरव्या तळहाताचा बॅनिशिंग फ्लॅट आला, जो गोळा विझवून झांगीफला पुढे सरकवतो. तरी बहुतेक वेळ जातो दोन पावले पुढे, ब्लॉक, एक पाऊल पुढे, ब्लॉक, यातच.

एकदा तो अंगाशी आला की पारडे पालटते. समजा, प्रतिस्पर्धी कोपऱ्यात ब्लॉक करून बसला आहे. झांगीफ खाली बसून एक हलका ठोसा मारतो. ठोसा ब्लॉक होतो, मार काहीच नाही. त्या धक्क्यातून समोरचा सावरतो न सावरतो तोच त्याला मिठी बसते. खेळाडू याला 'टिक थ्रो' म्हणतात. हे एकदा सोसल्यावर पुढच्या वेळी हलका ठोसा ब्लॉक झाला की समोरचा घाबरून उडी मारतो. झांगीफवाल्याने तेही हेरले असेल तर तो या वेळी फेरा मारतच नाही. तो वाट पाहतो आणि उडालेल्याला लॅरिअटने झोडतो. मग समोरचा उडणे सोडतो आणि घाईघाईने ठोसा मारू पाहतो, तर झांगीफ फक्त ब्लॉक करतो आणि हुकल्याची शिक्षा देतो. आणि शेवटी समोरचा पुन्हा मुकाट ब्लॉक करत बसला, की पुन्हा पाइलड्रायव्हर. अख्ख्या फेरीत हा डाव दोनदाच पडला तरी उरलेला सगळा मार त्याच्या धाकाने झालेला असतो. झांगीफची लढत बघायला मजा येते ती यामुळेच. मिठीत सापडणाऱ्याचा चेहरा आधीच पडलेला असतो.

डाव पडल्यावरही काम संपत नाही. बहुतेक आवृत्त्यांत आपटल्यानंतर दोघांमध्ये अंतर पडते आणि झांगीफला ती सगळी वाट पुन्हा चालावी लागते. अशी वाट चार-पाचदा यशस्वी चालता आली तर फेरी संपते. भरपाई म्हणून त्याला जास्त लाइफ दिलेले असते: 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये इतर बहुतेकांना १०,००० तर त्याला ११,०००. याच खेळात हलक्या पंचाची पकड सर्वांत लांबून बसते पण कमी मारते, जोरदार पंचाची सर्वांत जास्त मारते पण अगदी अंगाला चिकटावे लागते. कोणता पंच दाबायचा हा लोभ आणि सावधपणा यांच्यातला निर्णय. नवख्यांसाठी या खेळाने सोपी बटणपद्धतही ठेवली आहे. तिच्या आयत्या बटणाने काढलेल्या विशेष डावाचा मार मात्र ८० टक्केच भरतो. १९९४ मध्ये झांगीफला फायनल अॅटॉमिक बस्टर नावाचा याचा थोरला भाऊही मिळाला, आणि त्यासाठी जॉयस्टिकचे एक नव्हे दोन पूर्ण फेरे, ७२० अंश. जपानमधला एक नामवंत खेळाडू तर 'इताबाशी झांगीफ' या नावानेच स्पर्धांना उतरतो.

या डावाचा वंश मोठा आहे. 'स्ट्रीट फायटर ३'मध्ये झांगीफ नव्हता. त्याची जागा १९९७ पासून ह्यूगो या दैत्याने घेतली, आणि त्याच्या गिगास ब्रेकर या पकडीलाही दोन फेरेच लागतात. 'गिल्टी गिअर' या दुसऱ्या खेळातल्या पोटेमकिनची बस्टर ही पकड जॉयस्टिक अर्धवर्तुळात मागे नेऊन पुन्हा पुढे ढकलल्यावर निघते. त्यात 'वर' येतच नसल्याने उडीची पंचाईत नाही. त्याऐवजी पोटेमकिनला धावताच येत नाही, म्हणजे किंमत दुसरीकडून वसूल झाली. 'ब्लेझब्लू'चा आयर्न टेगर लोखंडी असून समोरच्याला चुंबकाने ओढतो. चालून जायचे कष्ट वाचवण्याची ही कल्पना फार हुशार. 'टेकेन'मध्ये, जॅग्वारचा मुखवटा घातलेल्या किंगच्या पकडी वेगळ्या धर्तीच्या. तिथे उभ्याची पकड खाली बसून चुकवता येते आणि पकड बसल्यावरही योग्य बटणाने सोडवता येते. झांगीफच्या प्रतिस्पर्ध्याला अशी दुसरी संधी नाही.

या घराण्यात एक भारतीयही आहे. १९९६ च्या 'स्ट्रीट फायटर ईएक्स'मध्ये दारून मिस्टर नावाचा भारतीय पहिलवान आला, स्वतः झांगीफ असलेल्याच खेळात. त्याच्या मुख्य पकडीचे नाव ब्रह्मा बॉम्ब, आणि ती काढायला जॉयस्टिकचा तोच पूर्ण फेरा लागतो.