तिसरं शिखर कोणतं? सह्याद्रीतल्या शिखरमोजणीची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. दुसरं साल्हेर, १५६७ मीटर. इथपर्यंत कुणाचं भांडण नाही. तिसरं कोणतं म्हटलं की दोन तट पडतात.

शाळेच्या भूगोलात आणि स्पर्धा परीक्षांच्या गाईडात उत्तर ठरलेलं आहे: महाबळेश्वर, १४३८. मग हरिश्चंद्रगड १४२४, सप्तशृंगी १४१६, तोरणा १४०४. हजारो मुलांनी ही यादी घोकली आहे आणि अजून घोकताहेत. पण नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात चार पावसाळे फिरलेल्या कुणालाही विचारा, तो म्हणेल घनचक्कर. शिरपुंज्याच्या भैरवगडाला लागून असलेला हा डोंगर पंधराशे तीस मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा तब्बल नव्वद मीटर उंच. त्याच मुलखातला मुडा जवळजवळ तेवढाच, गवळदेव थोडा कमी. शिवाय कुलंग १४७० च्या घरात आणि धोडपही चौदाशे पन्नासच्या वर आहे. म्हणजे गाईडातलं 'तिसरं' शिखर खरं तर पहिल्या पाचांतही बसत नाही.

हा घोळ मला कळला तो घनचक्करच्याच माथ्यावर, एका काकांमुळे. निवृत्त माणूस, डोक्याला उपरणं, पाठीवर जुनी कॅनव्हासची सॅक. आम्ही पाच जण माथ्यावर पोचून फोटो काढत होतो, तर हे गृहस्थ पठाराच्या दुसऱ्या टोकाकडे चाललेले. हाक मारली तर म्हणाले, "तुम्ही बसा. मला ते टोक जास्त उंच वाटतंय, तिथं पाय लावून येतो." परत आल्यावर सॅकमधून रेघांची वही निघाली. त्यात हजार मीटरच्या वरच्या डोंगरांची नावं, बाजूला तारीख, वाट आणि गावातल्या वाटाड्याचं नाव. किल्ले वेगळ्या पानांवर होते. "किल्ला नसलेल्या डोंगराला आपल्याकडे कुणी विचारत नाही हो," म्हणाले.

इंग्रजीत अशा माणसाला 'पीकबॅगर' म्हणतात, शिखरं झोळीत टाकत जाणारा. मराठीत त्याला शब्द नाही, कारण मराठी माणूस शिखरं मोजतच नव्हता. तो किल्ले मोजत होता. आपल्या ट्रेकरांच्या बोलीत "तुझे किती झाले?" या प्रश्नात कर्ता गाळलेला असतो, पण तो किल्लाच असतो. गड 'केला', गड 'झाला', आणि वर्तमानपत्री मराठीत गड 'सर केला'. ही सगळी भाषा लढाईची. साल्हेरच्या पायथ्याशी १६७२ मध्ये मराठे आणि मुघल मोकळ्या मैदानात भिडले. तिथे चढून जाणाऱ्याच्या मनात ती लढाई असते, १५६७ हा आकडा नसतो. साल्हेर किल्ला नसता तर परशुरामाच्या देवळापर्यंत बागलाणातल्या भाविकांखेरीज किती जण गेले असते, शंकाच आहे.

'शिखर' या शब्दाचीच गंमत आहे. बोलताना आपण शिखर म्हणतो ते देवळाचं. डोंगराच्या बाबतीत गावकरी टोक म्हणतात, माथा म्हणतात, अरुंद असेल तर सुळका किंवा लिंगी, लांबट असेल तर धार, उतरत गेलेली असेल तर सोंड किंवा दांड. आणि ज्या एका आकाराला इंग्रजी 'पीक' म्हणतं, तो सह्याद्रीत कमीच. लाव्हाच्या आडव्या थरांतून कोरलेला हा डोंगर वरून सपाट आणि बाजूंनी तुटलेला. त्याचा सर्वांत उंच दगड कुठला, हे पठारावर उभं राहून सांगता येत नाही. म्हणून काका दुसऱ्या टोकाला जात होते.

आता गाईडातली यादी नीट वाचा. महाबळेश्वर हे शिखर नाही, पठार आहे. त्याची सर्वांत उंच जागा विल्सन पॉइंट, जिथे मोटार थेट वर जाते. सप्तशृंगी हे नावातच सात शृंगं असलेलं देवस्थान आहे, यातलं कुठलं मोजलं? हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर तारामती, रोहिदास आणि हरिश्चंद्र अशी तीन टोकं. तारामतीची उंची कुठे १४२४ तर कुठे १४२९ छापलेली असते. आणि काही याद्यांत तर चक्क नाणेघाट 'शिखर' म्हणून येतो. सातवाहन राणीचा शिलालेख ज्या खिंडीत कोरलेला आहे, ती खिंड! ज्याने ही यादी पहिल्यांदा केली त्याने डोंगर मोजले नाहीत, नावाजलेली ठिकाणं उंचीनुसार मांडली. तीर्थं, थंड हवेची ठिकाणं, इतिहासातले गड. घनचक्करला यांतलं काहीच नाही, आणि नावही असं की गाईडवाल्याला छपाईची चूक वाटावी.

हे आकडे आले कुठून, याची मुळं ब्रिटिश काळात आहेत. १८०२ मध्ये मद्रासकडून सुरू झालेली त्रिकोणमितीय मोजणी हळूहळू उत्तरेला सरकत आली. ती सुरू करणारा इंग्रज अधिकारी १८२३ मध्ये कामावर असतानाच वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथे आहे. उंच, चहूकडून दिसणारे माथे या मोजणीची ठाणी बनले, आणि कळसूबाई त्यातलंच एक. तिची उंची तेव्हा फुटांत, ५४००. तिला मीटरमध्ये बदललं की १६४६ येतं. महाबळेश्वरचे ४७१७ फूट म्हणजे १४३८ मीटर. देशात दशमान पद्धत आली ती १९५६ च्या कायद्यानंतर, आणि फुटांचे मीटर करताना कुणी वर पूर्णांक केला, कुणी खाली. तोरणा कुठे १४०३ तर कुठे १४०४ दिसतो, त्याचं कारण बहुधा एवढंच.

त्याच काळात दुसरीही गोष्ट घडली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी बऱ्याच गडांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. अलंग-मदनला आज दोर लावावा लागतो तो त्यामुळे. ज्यांनी डोंगर मोजले त्यांनीच वाटाही बंद केल्या. आज आपण मोजतो ते आकडेही त्यांचे आणि चढतो ते कडेही त्यांनीच अवघड करून ठेवलेले.

शिखरांच्या झोळीची मूळ कल्पना मात्र स्कॉटलंडची. तिथल्या एका उमरावाने १८९१ मध्ये तीन हजार फुटांवरच्या डोंगरांची यादी छापली. 'स्वतंत्र डोंगर' कशाला म्हणायचं, हे त्याने कधीच नीट सांगितलं नाही, आणि त्यावरून आजवर वाद चालू आहेत. यादी करणाऱ्याची स्वतःची शेवटपर्यंत पुरी झाली नाही. १९०१ मध्ये एका धर्मोपदेशकाने पहिल्यांदा ती पुरी केली, तर त्यातल्या एका डोंगराच्या माथ्यावर तो पाऊस होता म्हणून पोचलाच नव्हता, असा आक्षेप आजही घेतला जातो. आज यादीत २८२ नावं आहेत. २००९ आणि २०१२ मध्ये नव्याने मोजल्यावर एकेक डोंगर गळला, दोन्ही वेळा मीटरभरापेक्षाही कमी फरकाने.

आपल्याकडे या वादात कुणी पडलं नाही. त्याऐवजी 'साडेतीनशे किल्ले' हा आकडा चालत आला. त्यात गढ्या धरायच्या का, नुसती टाकी खोदलेला डोंगर किल्ला का, दोन माथ्यांचा जोडकिल्ला एक की दोन, यावर दोन ट्रेकर भेटले तर रात्र संपते. याचा निकाल लागणार नाही आणि लागायची कुणाला घाईही नाही.

मी ज्या काळात डोंगरात शिरलो, तो नव्वदीच्या दशकाचा शेवट. कसाऱ्याला उतरायचं, जीपने कळसूबाईच्या पायथ्याच्या बारीला जायचं, तिथल्या पाड्यात मुक्काम. नकाशा म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. एकास पन्नास हजार प्रमाणाचे सरकारी टोपोशीट होते, त्यांच्यावर वीस-वीस मीटरच्या समोच्च रेषा होत्या, पण किनाऱ्यालगतच्या पट्ट्यातले टोपोशीट सामान्य माणसाला मिळत नसत आणि सह्याद्रीचा बराचसा भाग त्यात येई. २००५ च्या नकाशा धोरणाने लष्करी आणि खुली अशा दोन मालिका केल्या, तेव्हा हे थोडं सैल झालं. २०२१ मध्ये नियम आणखी उघडले. पण तोवर सगळं फोनवर आलेलंच होतं.

खरा बदल मे २००० मध्ये झाला होता. अमेरिकेने जीपीएसच्या संकेतात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि हातातलं यंत्र एका रात्रीत उपयोगी झालं. त्याच वर्षी फेब्रुवारीत एका अंतराळयानाने अकरा दिवसांत पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची रडारने उंची मोजली. ती आकडेवारी फुकट मिळू लागल्यावर घरबसल्या समोच्च रेषा काढता आल्या आणि तिथूनच घनचक्कर-मुड्याची कुजबुज मोठी झाली.

पण या आकड्यांवरही डोळे मिटून विसंबू नये. रडारची ही उंची चौकोनांची सरासरी असते. सह्याद्रीतला बारीक सुळका तिच्यात विरघळून जातो. फोनचा घोटाळा तर जास्त मजेशीर आहे. कच्चा जीपीएस समुद्रसपाटीवरून मोजत नाही, पृथ्वीचा आकार म्हणून मानलेल्या गणिती लंबगोलावरून मोजतो. आणि आपल्याकडे प्रत्यक्ष समुद्रपातळी त्या लंबगोलाच्या साठ-पासष्ट मीटर खाली आहे. दुरुस्ती न करणारं ॲप कळसूबाईवर पंधराशे ऐंशीच्या आसपास दाखवतं. दरवर्षी कुणीतरी तो स्क्रीनशॉट टाकून 'कळसूबाई खचली का' असं विचारतो.

काकांकडे याचंही उत्तर होतं. ते उंचीला फारसं मानत नसत. "बाळा, खिंड मोज," म्हणायचे. एखाद्या टोकावरून निघून त्याहून उंच टोकावर जायचं तर मधे किती खाली उतरावं लागतं? ते अंतर म्हणजे त्या डोंगराचा स्वतःचा डोंगरपणा. जगभरचे शिखरवेडे यालाच 'प्रॉमिनन्स' म्हणतात. मराठीत कुणी 'उठाव' म्हणतो, कुणी 'ठळकपणा'. दोन्ही शब्द मला पटत नाहीत. उठाव म्हटलं की बंडच आठवतं, ठळकपणा म्हटलं की छपाई. खिंडीने मोजणं हे काकांचं सोपं होतं. पण याचा परिणाम काय होतो पाहा: घनचक्कर, मुडा आणि गवळदेव यांच्यामधल्या खिंडी किती खोल, यावर तीन शिखरं की एक, हे ठरतं. मर्यादा शंभर मीटर धरली तर एक उत्तर मिळेल, दोनशे धरली तर दुसरं. म्हणजे गाईड चुकलं, हे नक्की. पण घनचक्करवाल्यांनी 'आम्हीच तिसरे' म्हणताना मुड्याला आधी विचारायला हवं.

वाटाड्याला, म्हणजे शिरपुंज्याच्या आमच्याबरोबरच्या मुलाला, हा वाद फुकट वाटला. त्याच्या लेखी भैरवगडावर भैरोबा आहे म्हणून तिथे जायचं, घनचक्करवर गुरं गेली तर जायचं. कळसूबाईचंही मूळ तेच. तिथे नवरात्रात यात्रा भरते, शिड्यांवर रांग लागते, आणि त्या रांगेत उंचीचा आकडा माहीत असलेले थोडेच. महादेव कोळ्यांच्या पोरीची ही डोंगरदेवी झाली ती राज्यातली सर्वांत उंच जागा म्हणून नाही.

अलीकडे मोजणीने वेगळं वळण घेतलं आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. यादीत साल्हेर आहे, शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड, प्रतापगड, पन्हाळा आहेत, शिवाय खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. आता 'बारा पूर्ण' करणारे निघालेत. जिंजीचं रेल्वे तिकीट काढणारे मित्र मला माहीत आहेत. यात समुद्रातल्या किल्ल्यांवर होडीने जायचं असतं, तरी तेही 'झाले' म्हणून मोजले जातात.

दुसरीकडे गर्दी. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ पासून आहे, पण नाक्यावर पावती फाडायची वेळ ही अलीकडची. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी जिल्हा प्रशासनं बंदीचे आदेश काढतात. नगरचं अहिल्यानगर झालं, पण आदेशाची भाषा तीच राहिली. या गर्दीतले बहुतेक त्याच पाच-सहा ठिकाणी जातात, जी यादीत आणि रील्समध्ये आहेत. घनचक्करवर आम्ही गेलो त्या दिवशी काका धरून सहा जण होतो.

उतरताना काकांनी भैरवगडाच्या खिंडीत बसून वही पुन्हा काढली. घनचक्करच्या समोर दोन तारखा होत्या, एक बारा वर्षांपूर्वीची. "तेव्हा धुकं होतं, दुसऱ्या टोकाला गेलो नव्हतो," म्हणाले, आणि जुनी तारीख एका रेघेने खोडली. मग मुड्याकडे बोट दाखवून वाटाड्याला विचारलं, उद्या पहाटे निघालो तर जमेल का. तो हो म्हणाला. आम्हाला सोमवारी कामावर जायचं होतं, आम्ही राजूरची गाडी पकडली.